सोमवारची पंगत

आमचे अण्णा, म्हणजे माझे थोरले भाऊ नरसिंहराव, बेंगळुरात कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. बाहेर केवढा दरारा! घरात मात्र आम्ही बहिणी त्यांना ‘सरासरी’ म्हणून चिडवायचो. बिचारे हसायचे.

सत्तावन्न-अठ्ठावन्नची गोष्ट. गरीब मुलांसाठी राजाजीनगरात मोफत वसतिगृह काढायचं घाटत होतं. गरज आहे का, हे बघायचं काम समितीनं अण्णांवर सोपवलं. त्यांनी घरोघर माणसं धाडून विचारलं, "तुमच्याकडे वाराचा विद्यार्थी जेवतो का?" तेव्हा ती पद्धतच होती, परगावचा मुलगा रोज एकेका घरी जेवायचा, वार ठरवून. बायका अभिमानानं सांगायच्या, "जेवतो की!" अण्णांनी बेरीज केली आणि भर सभेत वाचून दाखवलं: अशी मुलं आहेत त्याहून जेवू घालणारी घरं जास्त, वसतिगृहाची गरज नाही. टाळ्या काय, हार काय! आईनं घरी दृष्टसुद्धा काढली.

पुढच्या रविवारी आमच्या वाराचा गुंडो आला. पोरगं असं जेवत होतं की बघवेना. आई म्हणाली, "उद्याही ये रे, पुरणाची होळिगे करणार आहे."

"नको अम्मा, मी सोमवार धरतो."

अण्णांचा घास हातातच राहिला. आमच्या गावाहून, येलहंक्याहून, शिकायला आले तेव्हा तेही वारावरच जेवत. सोमवारचं घर त्यांना कधी मिळालं नाही, म्हणून लोकांना उपास सांगायचे.

मला असा संताप आला! "एका मुलाला सात घरं लागतात अण्णा, आणि तुम्ही एक धरलंत? स्वतः उपाशी राहिलात ते विसरलात?"

"विसरलो ग," एवढंच म्हणाले.

मित्रांनी समजावलं, "गुपचूप पुरवणी जोडा. कशाला शोभा करून घेता?" अण्णा ऐकेनात. "चूक सभेत वाचली, दुरुस्तीही सभेतच." उभे राहिले, सगळं सांगितलं. लोक फिदीफिदी हसले. विभागप्रमुखाची जागा हातची गेली, आई कितीतरी दिवस धुसफुसत होती.

वसतिगृह मात्र झालं. उद्घाटनाला अण्णांना कुणी बोलावलं नाही. पहिल्या सोमवारी मला घेऊन ते आपणहून गेले आणि गुंडोशेजारी पाट ओढून बसले. पानातला भात संपला, तसे वाढप्याला म्हणाले, "स्वल्प आणखी वाढा हो. सोमवार आहे आज."

दारात उभ्याउभ्या मला रडूच फुटलं.