फ्लॉरेन्समध्ये जेवायचं कुठे

फ्लॉरेन्सला जायचं ठरल्यापासून मी ऑफिसमधल्या एका बाईंच्या मागे लागले होते. त्या मूळच्या तिथल्याच. न्यू जर्सीत, पार्सिपनीतल्या आमच्या ऑफिसच्या कॅफेटेरियात रोज लंचला बसून त्यांनी मला तयार केलं. दारात पदार्थांचे फोटो लावले असतील तिथे पाऊल टाकायचं नाही. नदी ओलांडून पलीकडे जायचं. कॉफी काउंटरशी उभ्यानेच प्यायची. आणि रिबोलिता खाल्ल्याशिवाय यायचं नाही. शिळा पाव, पांढरा घेवडा आणि पालेभाजी शिजवून केलेलं दाटसर सूप. "त्यात मीटचा स्टॉक नाही ना, तेवढं विचारून घे," असंही त्यांनी बजावलं.

बरोबर नवऱ्याचा नागपूरपासूनचा मित्र, त्याची बायको आणि आई येणार होते. शनिवारी ते आमच्याकडे प्लॅनिंगला जमले. सांगता सांगता मी नदीच्या पलीकडे पोचते न पोचते तोच मित्राने फोन पुढे केला.

"वहिनी, स्टेशनजवळ इंडियन रेस्टॉरंट आहे. रिव्ह्यूज मस्त आहेत. डिनर रोज तिथेच करू."

"रोज?"

"आईचं काय करणार? तिला दुसरं काही चालत नाही."

"मला चालेल यार," माझा नवरा म्हणाला. त्याला कोणी विचारलंही नव्हतं.

सोफ्यावरून आमची मुलगी म्हणाली, "आई, जस्ट गो विदाउट देम." मित्राची आई, म्हणजे काकू, शेजारीच मसालेभात खात होत्या.

फ्लॉरेन्समध्ये पहिल्या संध्याकाळी आम्ही पनीर बटर मसाला खाल्ला. दुसऱ्या संध्याकाळीही तोच. समोर तेच नान, वर तोच टीव्ही. असलं जेवण आमच्या न्यू जर्सीत आयसेलिनला पार्किंग शोधत का होईना, याहून बरं मिळतं! तिसऱ्या दिवशी हॉटेलच्या लॉबीत मी सांगून टाकलं, "मी येत नाही. तुम्ही जा."

"आता इथे कशाला सीन?" नवरा कुजबुजला.

मी काही बोलायच्या आत काकू उठल्या. "मी हिच्याबरोबर जाते."

"आई, तुला तिथलं चालणार नाही."

"तू कधी विचारलंस मला? एवढ्या लांब आणलंस आणि रोज ती लाल ग्रेव्ही!"

मित्राचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, पण मी थांबले नाही. पूल ओलांडून आम्ही एका लहानशा खानावळीत शिरलो. स्टॉकची चौकशी केली आणि रिबोलिता मागवली. काकूंनी वर भरपूर मिरपूड घातली, पावाने बशी पुसून घेतली आणि दुसरी मागितली. माझ्या ग्लासातली वाइन चाखून म्हणाल्या, "अगं, हे तर औषध आहे." मग ते औषध त्यांनीच संपवलं. मी मात्र मनातून चडफडत होते. दोन संध्याकाळी वाया गेल्या होत्या, त्याही ज्यांच्या नावावर, त्यांना कोणी साधं विचारलं नव्हतं.

परत आल्यावर एका पॉटलकला कोणीतरी विचारलं, "फ्लॉरेन्समध्ये कुठे जेवायचं?"

"टुरिस्ट जागा टाळायच्या," माझा नवरा ऐटीत सांगू लागला. "नदीच्या पलीकडे जायचं. रिबोलिता मस्ट."

मित्राने मान डोलावली. मला राहवेना. सगळ्यांसमोर नवऱ्याला विचारलं, "तू कधी खाल्लीस?"

"तू सांगितलंस ना सगळं," तो म्हणाला आणि त्याने आणखी दोन बटाटेवडे ताटात घेतले.