आधी पुरुषाने बोलायचं

नोरा आंटी नवरीला शुभेच्छा द्यायला कधी पहिल्या पुढे जायच्या नाहीत. हॉलच्या कडेला थांबायच्या. एखादा काका-मामा नवरीशी बोलला, की मगच जवळ यायच्या. म्हणायच्या, "आमच्या आयर्लंडात आधी पुरुषाने बोलायचं. बाई पहिली बोलली तर अपशकुन."

बेव्हर्ली पार्क या आमच्या वसाहतीत त्या समोरच्या घरात एकट्या राहायच्या. नवरा जोसेफ जवळच्याच समुद्रकाठच्या चौक गावचा, जहाजावर कामाला. लग्न आयर्लंडातच लागलं आणि आंटी चौकला सासरी आल्या. मराठी सासूकडून शिकल्या, त्यामुळे म्हातारपणीही "आज बरा वाटत न्हाय" असंच बोलायच्या.

माझं लग्न बौद्ध पद्धतीने झालं. वडील हयात नव्हते. हार घालून झाले आणि आईच पहिली येऊन मला बिलगली. "सुखात राहा गं बाई." आंटींचा चेहरा एकदम उतरला.

त्यानंतर रोज त्या आईला विचारायच्या, "जावय बरा हाय ना?" आईला ती मायाच वाटायची. पुढच्या पावसाळ्यात माझ्या नवऱ्याला डेंग्यू झाला, प्लेटलेट्स घसरत गेल्या. आंटी हॉस्पिटलच्या बाकावर जपमाळ घेऊन बसून राहिल्या. तो बरा होऊन घरी आला त्या दुपारी त्या आमच्या स्वयंपाकघरात आल्या आणि रडायलाच लागल्या.

"माझ्या लग्नात माझी आई पहिली बोलली. वर्षात जोसेफ दर्यात गेला, बॉडी पण मिळाली न्हाय. मी आईला कळवला, तुझ्यामुळे गेला. मग कधी बोलले न्हाय तिच्याशी. ती मेली तवा पण न्हाय."

आईने त्यांच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. मग म्हणाली, "आंटी, माझ्या लग्नात पहिले माझे सासरेच बोलले होते. तरी आमचे हे गेलेच ना?"

"मग माझ्या आईचा काय दोष न्हवता," आंटी म्हणाल्या.

दिवाळीनंतर त्या गुडघे धरत धरत आयर्लंडला गेल्या, भाचीकडे. तिथून आईला फोन यायचा. "आईची कबर गवतान भरलेली. मीच साफ केली. रोज जाते. माफी मागून संपत न्हाय."

थंडी सरत आली तेव्हा भाचीचा फोन आला. आंटी झोपेतच गेल्या होत्या. त्यांच्या आईशेजारी जागा होती, तिथेच त्यांना पुरलं.

मी आईला सांगितलं. तिने गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिली. म्हणाली, "पोचली बाई आईपाशी."