अकरा माणसं, एक पास

नूतन वळवी मळक्या चादरींची गाडी बाजूला ढकलत होती आणि त्या फटीतनं उषाबाईंची अकरा माणसं दवाखान्यात घुसत होती. पुढच्या गेटावर भिकन वॉचमननं अडवलेलं. एक पेशंट, एक पास, एक माणूस. म्हणून हे मागचं गेट.

"बाई, माझी नोकरी जाईल," भिकन पळत येऊन म्हणाला.

"तुझी कशाला जाईल? तू बघितलंच नाहीस."

नूतन उधन्याच्या त्या दवाखान्यात आया. अक्कलकुव्याकडची भिलाची पोर, उषाबाईंच्याच माणसांतली, पण ओळख जेमतेम दहा दिवसांची. फाटक्या तोंडाची. डॉक्टरला साहेब म्हणायची, पण असं, की साहेबानंच उभं राहावं.

आत उषाबाईंचा नवरा उखा पडलेला. मिलच्या बॉयलरवर तीस वर्षं कोळसा टाकला, छाती संपली. डॉक्टर चार दिवस एकच सांगत होता, श्वासाचं मशीन लावायचं की नाही, सही करा. उषाबाई करत नव्हत्या. डॉक्टरला वाटलं, बाईला कळत नाही. कळत सगळं होतं. पण एवढं मोठं एकटीनं ठरवायचं? त्यांच्यात लग्न असो की मरण, माणसं बसतात, ज्याची गोष्ट त्याच्या तोंडून ऐकतात, मग ठरतं. तिकडे डोंगरात निरोप गेला होता. माणसं आली, तर दवाखान्याकडे पास एक.

सगळे खाटेभोवती फरशीवर बसले. डॉक्टर आला.

"नूतन, काय चाललंय हे?"

"मिटिंग आहे साहेब. बसा."

"खुर्ची?"

"सगळे खालीच आहेत."

डॉक्टर भिंतीला टेकून उकिडवा बसला.

उखानं मास्क काढला. दोन शब्द बोलायचा, थांबायचा. "मशीन नको. गोडादऱ्याला आपल्या खोलीवर न्या. खाटेवर नाही, जमिनीवर निजवा. मोहाची आणा. आधी जमिनीला, वाडवडलांना. मग माझ्या तोंडात."

त्याच्या थोरल्या भावानं एकेकाला विचारलं. एकेकजण हो म्हणाला. उषाबाई शेवटी हो म्हणाल्या.

"या राज्यात दारूबंदी आहे," डॉक्टर म्हणाला. "हे मी फॉर्मवर कसं लिहू?"

"तुम्ही नका लिहू. मी लिहिते."

फॉर्मवर शेवटच्या इच्छेपुढं आधीच छापलेलं होतं, तुळस, गंगाजल. नूतननं त्यावर काट मारली आणि वाकड्या अक्षरात लिहिलं, मोह, थेंबभर, जमिनीवर.

तिनं वाचून दाखवल्यावर उखा हसला. "थेंबभर का गं? चिंगूस कुठली."

हसून हसून त्याला खोकला लागला. मग उषाबाईंनी अंगठा लावला, आणि त्यांच्या मागं अकरा. पुढं जागा नव्हती म्हणून कागदाच्या पाठीवर.

खोलीवर नूतन रोज सकाळी दवाखान्याच्या निळ्या ड्रेसात यायची. उखाला कूस बदलून द्यायची, पाठ पुसायची, ऑक्सिजनचा सिलेंडर बघायची. शेजारच्या सरलाबाई दारात येऊन म्हणाल्या, "अगं, तोंडात गंगाजल तरी घाला, काय रानटीपणा हा."

"मावशी, तुमची पाळी आली की तुमचंच घालू. इथं यांचं."

सरलाबाई आठवडाभर बोलल्या नाहीत.

उखा पाचव्या दिवशी दुपारी गेला. जमिनीवर, माणसं भोवती. भावानं आधी फरशीवर धार धरली, मग त्याच्या ओठात. थेंबभर नव्हती.

उषाबाई नूतनला म्हणाल्या, "जा आता, ड्यूटीला उशीर होईल तुला." ती म्हणाली, होईल तर होईल.

पुढं महिन्यानं भाजी बाजारात भिकन भेटला, तेव्हा उषाबाईंना कळलं. अकरा माणसं आत घेतली, त्याच संध्याकाळी नूतनला कामावरून काढलं होतं. ती पाचही दिवस आली तेव्हा तिला ड्यूटीच नव्हती.