मेथी, मोटर आणि ओहमचा नियम

"काय सर, मेथी निवडून झाली का?"

शुक्रवारी सकाळी स्टाफरूममध्ये पाय टाकला आणि कदम सरांनी हा प्रश्न विचारला. मी म्हटलं, झाली. मग थबकलो. आदल्या संध्याकाळी मी घरी मेथी निवडत होतो, हे यांना कसं कळलं?

कदम सरांनी मोबाईल पुढे धरला. त्यांची पुतणी आमच्याच कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. मोबाईलवर मी होतो. वर इस्त्रीचा शर्ट, खाली लुंगी, समोर मेथीची जुडी.

लेक्चरचं रेकॉर्डिंग बंद करायचं राहिलं होतं. अपलोड करण्याआधी व्हिडिओ पूर्ण पाहावा, असं ट्रेनिंगमध्ये बजावून सांगितलं होतं. मी पहिली दोन मिनिटं पाहिली, स्वतःवर खूश झालो आणि अख्ख्या वर्गाला पाठवून दिला.

हे ट्रेनिंग म्हणजे फॅकल्टी डेव्हलपमेंट प्रोग्रॅम. साध्या भाषेत, मास्तरांची शाळा. मी पूर्णेजवळच्या एका कॉलेजात बावीस वर्षं फिजिक्स शिकवतोय. शिकवतोय म्हणजे, नोट्स सांगतोय. मी वहीतून वाचतो, पोरं वहीत लिहितात. एकदा माझी वही घरी विसरली, तर एका पोरानं मागच्या बॅचची वही आणून दिली. तीच वाचली. एक शब्द इकडचा तिकडे नव्हता.

दोन आठवड्यांच्या त्या ऑनलाइन ट्रेनिंगमध्ये मला फ्लिप्ड क्लासरूम भेटली. म्हणजे सांगायचं ते व्हिडिओत सांगा, पोरं घरी बघतील. वर्गात फक्त प्रश्न आणि गणितं. मी इतका पेटलो, की थेट प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेलो आणि स्मार्ट बोर्डची खोली मागितली. बोर्ड येऊन दोन वर्षं झाली होती. प्लॅस्टिक अजून अंगावर होतं.

प्राचार्य इतिहासाचे. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "कदम सर ती खोली परीक्षा विभागाला मागायलेत. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायला."

"सर, एक संधी द्या."

"शनिवारी मी स्वतः वर्गात बसतो. जमलं तर खोली शिकवायला, सगळ्या विषयांना. न्हाई जमलं तर गठ्ठ्यांना."

आणि आता शुक्रवार होता. शनिवारसाठी पाठवलेल्या व्हिडिओतली माझी मेथी वर्गभर फिरत होती.

मी व्हिडिओ काढून टाकायला कॉम्प्युटरवर बसलो. तिथे रिपोर्ट दिसतो. कोणी कुठपर्यंत पाहिलं, कुठे पुढे ढकललं, सगळं. माझं लेक्चर एकोणतीस मिनिटांचं. बहुतेक पोरं तिसऱ्या मिनिटाला गायब. त्यानंतरची मेथीची आठ मिनिटं मात्र सगळ्यांनी पाहिली होती. काहींनी तीन-तीनदा. म्हणजे फिजिक्स कुणी पाहिलं नाही, लुंगी सगळ्यांनी पाहिली. आता काढून उपयोग काय? तसाच राहू दिला.

शनिवारी पहिल्या बाकांवर पोरं, मागच्या बाकावर प्राचार्य आणि कदम सर. कदम सरांच्या हातात मोजायची टेप. खोलीचं माप घ्यायला आले होते म्हणे.

मी बोर्डाला बोट लावलं. काही होईना. पुन्हा लावलं.

"सर, प्लॅस्टिक," पुढून एक पोरगी म्हणाली.

प्लॅस्टिक ओढलं. फर्रर्र आवाज झाला. कदम सर खोकले.

"तर, ओहमचा नियम कोण सांगेल?"

सगळ्या माना खाली गेल्या.

"व्हिडिओ पाहिला ना?"

"पाहिला सर," वर्ग एका सुरात. आणि मग पोखर्णीचा एक पोरगा उठला. "सर, काकूंच्या भावाची मोटर उचलली का मंग?"

वर्गात हशा फुटला. कदम सरांची टेप खाली पडली.

"कोणती मोटर?" मागून प्राचार्यांनी विचारलं. "लावा, लावा. आमी पण बघू."

लावावंच लागलं. पांढऱ्याशुभ्र सहा फुटी बोर्डावर माझी लुंगी आली आणि पाठोपाठ आमच्या हिचा आवाज.

"अहो, झालं का भाषण? ही जुडी घ्या. आन एक सांगा. बोरीला आमच्या दादाची विहिरीवरची मोटर नुसती घूं घूं करती, पाणी उचलत न्हाई. अर्धा तास करंटवर बोललात, त्याचं काई सांगितलं का?"

व्हिडिओतला मी मेथीची काडी मोडत म्हणालो, "डीपीच्या ट्रान्सफॉर्मरपासून विहीर किती लांब?"

"लय लांब. आन वायर बारीक."

"मग वायरच वाटेत व्होल्टेज खाऊन टाकते. मोटरपाशी पोचतच नाही."

"मंग जाड वायर टाकली तर?"

"कमी खाईल."

"एवढं सोपं हाय? मंग तिकडं मोबाईलपुढं का अवघड करून सांगत होतात?"

पोरं बाकांवर लोळत होती. प्राचार्य रुमालानं डोळे पुसत होते. मी तिथेच व्हिडिओ थांबवला. बावीस वर्षांत पहिल्यांदा सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

"काढा वह्या. विहीर दोनशे मीटरवर. करंट जाऊन परत येतो, म्हणजे वायर चारशे. दीडची, म्हणजे दीड चौरस मिलिमीटरची वायर असेल तर रेझिस्टन्स धरा पाच ओहम. मोटर दहा अँपिअर घेते. वाटेत किती व्होल्ट गेले?"

"पन्नास!" तो पोखर्णीचा.

"दोनशे तीसमधून पन्नास गेले, राहिले एकशे ऐंशी," प्लॅस्टिकवाली पोरगी म्हणाली. "तेबी डीपीवर पूर्ण आले तर. आमच्याकडं कुठं येतात सर?"

"चारची वायर टाकली तर?" आणखी एक.

"तू सांग."

त्यानं सांगितलं. एकोणीसच्या आसपास. मग दुसऱ्यानं स्वतःच्या विहिरीचं अंतर घातलं, तिसरीनं मामाच्या. बोर्डावर लिहायला रांग लागली. ओहमच्या नियमाचं सूत्र मी अजून लिहिलंच नव्हतं. ते त्यांनीच लिहून टाकलं होतं.

बेल झाली. कुणी उठेना. मागून एक हात वर आला. प्राचार्यांचा.

"सर, माझ्या वायरला चार जोड हायेत. ते किती खातात?"

शेजारी कदम सर कागदावर आकडेमोड करत होते. टेप त्यांनी खिशात घातली होती.

खोली शिकवायला राहिली. केबिनमध्ये प्राचार्य एवढंच म्हणाले, "पुढच्या महिन्यात सगळ्या स्टाफचं ट्रेनिंग ठेवू. बोलायला येतात का, तुमच्या मिसेसना विचारा."

मी गाडीवरून जवळजवळ गात घरी आलो. हिला सगळं सांगितलं. लुंगीचंही. वाटलं, आता भडकणार. तिनं शांतपणे माझा मोबाईल घेतला, खुर्चीत बसली आणि व्हिडिओ पहिल्यापासून लावला. एकोणतीस मिनिटं पुढे न ढकलता पाहणारी ती जगातली एकमेव व्यक्ती. मी समोर उभा होतो. पेपर तपासणाऱ्यापुढे उभं राहावं, तसा.

व्हिडिओ संपला. तिनं मोबाईल परत दिला.

"माझ्यासंगं बोलायलात ते कळालं," ती म्हणाली. "त्याच्या आधी अर्धा तास तुमी कुणाशी बोलत होतात?"