ओट्याच्या फटीतली उंदीरकानी

माझ्या नवऱ्याला गवताचं वेड होतं. लोकांचे नवरे पत्ते खेळतात, तंबाखू मळतात. आमचे हे भर रस्त्यात उकिडवे बसून भिंगातून गवत बघायचे. लातूरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. वडिलांनी नोकरी बघून मला दिली, या वेडाचं काही कुणी सांगितलं नव्हतं. बाजारात निघालो की मी पुढं आणि हे मागं कुठंतरी कुंपणापाशी अडकलेले.

धाकट्या बहिणीला मात्र दाजींचं फार कौतुक. तिला किल्लारीच्या अलीकडच्या एका खेड्यात दिलेलं. दगडमातीचं घर, हातभर जाडीच्या भिंती, पुढं ओटा. एका श्रावणात आम्ही तिच्याकडं गेलो, तर हे चहा निवत ठेवून ओट्याच्या कडेला जाऊन बसले. दगडांच्या फटीत एक वेल पसरली होती. वेल तरी कसली, बोटभरही उंच नाही. भुईला धरून सरपटणारी, पेरापेराला मुळं सोडणारी, पानाच्या बगलेत बारकं पिवळं फूल.

"उंदीरकानी हाय की ती दाजी," बहीण म्हणाली. "वावरात पाय ठेवाल तिथं हाय. पान बगा, उंदराच्या कानावाणी."

"उंदीरकानीला एवढी लव नसते," हे म्हणाले.

ते खरं होतं. शेतातल्या उंदीरकानीचं पान रुंद, हिरवंगार, हाताला जवळजवळ गुळगुळीत लागतं. हिचं पान नखाएवढं, कडेला तांबूस, आणि दोन्ही अंगांनी दाट लव. ह्यांनी दोन फांद्या रद्दीत दाबून आणल्या, वाळवल्या आणि नांदेडला आपल्या जुन्या सरांना नेऊन दाखवल्या. सर म्हणाले, पानाफुलावर जात ठरत नसते, पिकलेलं फळ आणा. उंदीरकानीचं बी गुळगुळीत असतं. ह्या बीवर लव निघाली, तर मग नवी जात म्हणून बोलू.

हे हुरळून गेले. पुढच्या खेपेला बहिणीला म्हणाले, "नवी निघाली तर तुझं नाव देतो तिला." शास्त्रात तशी रीतच आहे म्हणे. शोधणारा स्वतःचं नाव देत नाही, दुसऱ्या कुणाचं देतो.

बहीण पदर तोंडाला लावून हसली. लग्नाला इतकी वर्षं होऊन तिची कूस उजवली नव्हती आणि गावानं तिला पुरेसं बोलून घेतलं होतं. "घ्या अक्का," ती मला म्हणाली, "नाव लावायला पोरगं न्हाई, तर गवत तरी. फळ धरलं की सांगावा धाडते दाजी."

उंदीरकानी फळ धरते थंडीत. भूकंप त्याच्या आधी आला. गणपती बोळवून माणसं निजली होती, उजाडायच्या आत गाव खाली बसलं. बहीण गेली, तिचा नवराही गेला. मागं कुणी उरलं नाही. तिचा मोठा फोटो एकच होता, तो त्याच भिंतीवर होता.

सगळं उरकल्यावर काही दिवसांनी आम्ही दोघं तिथं गेलो. घराच्या जागी दगडांचा ढीग, आणि ओटा मात्र जसाच्या तसा. अशी कशी तऱ्हा देवाची, मला कळत नाही अजून. फटीत ती वेल होती, धुळीनं माखलेली. हे नुसते उभे राहिले, हात लावेनात. मीच खाली बसले. दगड हलवला, मुळांसकट वेल काढली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि जीपमध्ये लातूरपर्यंत मांडीवर धरून आणली.

अंगणात कुंडी केली. शेतातली काळी माती, शेणखत, सगळं चांगलं ते घातलं. तिला बहिणीच्या नावानंच हाक मारायला लागले. ऊठ गं, पाणी पी गं. कुणी हसेल तर हसू दे. माहेरी बहिणीचं नाव निघायचंच बंद झालं होतं. आई समोर असली की सगळे 'ती' म्हणायचे, आणि पुढं पुढं 'ती'सुद्धा म्हणेनात. मला एवढंच हवं होतं की कुठल्या तरी पुस्तकात, एका ओळीत का होईना, तिचं नाव छापून यावं. ज्यानं तिला कधी पाहिलं नाही अशा माणसानं ते वाचावं.

पहिली काही वर्षं वेल नुसती तग धरून होती. तोवर लातूरमध्ये क्लासचं पेव फुटलं. आम्हीही वरच्या दोन खोल्या शिकायला आलेल्या मुलींना दिल्या. ह्यांना वर्गात पोरं तोंडावर म्हणायची, सर, परीक्षेला येतं तेवढंच सांगा. कॉलेजातलं वाळवलेल्या झाडांचं कपाट व्हरांड्यात आलं, मग जिन्याखाली गेलं. हे संध्याकाळी येऊन कुंडीपाशी बसायचे.

मग वेलीनं अंग धरलं. भराभर पसरली, पानं रुंद झाली, हिरवीगार झाली. लव गळाल्याचं आधी माझ्याच ध्यानात आलं. बोट फिरवलं तर गुळगुळीत. मी हादरले. ह्यांना सांगितलं नाही. पाणी तोडलं, वरची माती काढून दगड भरले, कुंडी गच्चीवर उन्हात नेऊन ठेवली.

ह्यांनी शेवटी बघितलंच. "मारतेस का तिला?"

"तिला तिच्यासारखं राहू दे," मी म्हणाले.

"अगं, ती लव तिची नव्हती, त्या जागेची होती," हे हळू आवाजात म्हणाले. "दगड तापायचा, पाणी मिळायचं नाही, म्हणून तिनं अंगावर पांघरूण घेतलं होतं. इथं पोटभर मिळालं, तिनं ते टाकून दिलं."

त्यांनी कुंडी खाली आणली. त्या थंडीत तिनं फळ धरलं. पिकल्यावर ह्यांनी ते तळहातावर फोडलं, भिंगातून बराच वेळ पाहिलं, आणि भिंग माझ्या हाती दिलं. मी शाळेच्या पुढं शिकलेली नाही, पण दिसायचं ते दिसलं. बी गुळगुळीत होतं.

"लिहा की हो नवी म्हणून," मी म्हणाले. "कोण येतंय तपासायला? त्या गावात आता कुत्रं राहत नाही."

"कुणीही बी रुजवून बघेल."

"बघू द्या. माझ्या बहिणीपेक्षा बी मोठं झालं का तुम्हाला?"

"खोट्याला तिचं नाव देऊ का, तूच सांग," हे म्हणाले. चष्मा काढला, धोतराच्या... नाही, त्या वेळी हे पँटच घालायचे, सदऱ्याच्या टोकानं पुसला, आणि पुसतच बसले. तेव्हा मला कळलं की ह्या माणसाला ते नाव माझ्याइतकंच हवं होतं. म्हणून काही राग गेला नाही. चार दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनी कागदावर चिकटवलेल्या फांदीखाली वेलीचं जुनंच, सगळ्यांना ठाऊक असलेलं नाव लिहिलं.

एका सकाळी मी कुंडीला पाणी घालत होते. वर राहणारी किनवटकडची मुलगी दप्तर घेऊन खाली आली. "काकू, कोणतं झाड आहे हे?"

बहिणीचं नाव ओठावर आलं होतं. "उंदीरकानी," मी म्हणाले.

"मग रोज तुम्ही दुसरंच नाव घेऊन राहिल्या होत्या ना?"

"ते चुकीचं होतं," मी म्हणाले.