हात नीट दिसायला हवेत

आमचे हे, म्हणजे दिगंबर, कोणाच्या घरी इंटरनेटची पेटी लावायला गेले की आधी काहीच करत नाहीत. बसून राहतात. भिंतीकडे बघतात, छताकडे बघतात, घरातली माणसं कुठे बसतात ते विचारतात. इतवाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या जुन्या पेठेतल्या घरांच्या भिंती हातभर जाड. पेटी भलत्या खोलीत लावली तर पलीकडे काही पोचत नाही, म्हणून हे बघणं. गिऱ्हाईक चहा देतं, चहा निवतो, ह्यांचं बघणं संपत नाही. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. त्यातली निम्मी ह्या माणसाला हलवून जागं करण्यात गेली.

आधी हे टेलिफोनच्या तांब्याच्या तारा जोडत. मग घरोघरचे फोन गेले, केसासारखी बारीक काचेची तार आली, आणि पन्नाशीला हे सगळं नव्याने शिकले. एकदा राजघाटावर बसलो होतो. तापीवर उतरतं ऊन पडलेलं. मी विचारलं, त्या तारेतून जातं तरी काय? पाण्यावरची नजर न काढता म्हणाले, "उजेड. नुसता उजेड येतो घरापर्यंत. मोडेम तो उतरवून घेतो, मोबाईलला कळेल असा करतो. राऊटर मग घरभर वाढतो, पंगतीत वाढतात तसा. आताशा दोघं एकाच पेटीत असतात." मला मात्र त्या दिवसापासून भिंतीवरून जाणारी साधी पांढरी तारही वेगळी दिसायला लागली. कोणी बघत नसलं की मी तिला हळूच बोट लावून बघते.

तुकईथड माझं माहेर. तिथे माझी चुलत बहीण सोजरबाई एकटी राहते, केळीची बाग स्वतः बघते. मी तिला जिजी म्हणते. तिचा मुलगा ललित, त्याला जन्मापासून ऐकू येत नाही. मायलेकांनी केळीत काम करता करता हातांची आपली भाषा बनवली. शाळेतली नव्हे, त्यांच्या घरची. ललित इंदूरला छापखान्यात लागला आणि तिथे रंजिताशी लग्न ठरवलं. तिलाही ऐकू येत नाही. दोघंही तसेच, संसार कसा व्हायचा, म्हणून जिजी रागावली आणि लग्नाला गेलीच नाही. आता नात अकरा महिन्यांची आहे. राग कधीच विरला, पण बोलावल्याशिवाय कोणत्या तोंडाने जायचं, हे जिजीचं. आणि ललितही तिचाच मुलगा, त्याने बोलावलं नाही. आठवड्याला व्हिडिओ कॉल तेवढा करायचा.

त्यात गावात मोबाईलचं नेट म्हणजे नावाला. चित्र अडकायचं. तुमचं-आमचं चित्र अडकलं तरी आवाज येतो, भागून जातं. ह्या मायलेकांचं सगळं बोलणंच हातात. ललितचा हात हवेत थांबायचा आणि जिजी पडद्याला बोट लावून बसायची. त्याने लिहून पाठवावं तर हिला वाचता येत नाही, आणि घरातलं दुसऱ्याकडून वाचून घ्यायला जीव धजत नाही. "त्याचे हात मले नीट दिसू दे कुसुम," ती म्हणायची. "मंग येखाद्या वेळी तो बोलावीन बी."

तार गावापर्यंत आली तेव्हा ह्यांनी स्वतः जाऊन तिच्या ओसरीच्या भिंतीवर पेटी लावली, उंचावर, ती बसते त्याच्या समोर. चौथ्याच दिवशी शेजारच्या वैशालीचा फोन आला. पेटीवर लाल दिवा लागला होता आणि जिजी जेवत नव्हती.

आम्ही मोटरसायकलने गेलो. जावई आले म्हणून आधी शेवभाजी, मग काम. पेटी भिंतीवर नव्हतीच. जिजीने ती लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं. उरलेली तार मुठीएवढी गुंडाळून केळीच्या सोपटाने, खोडाच्या सुकलेल्या सालीने, करकचून बांधली होती. आमच्याकडे घडापासून फाटकापर्यंत सगळं सोपटानेच बांधतात, तशी तारही बांधली.

"जिजी, दागिना आहे का तो?" मी ओरडलेच. "लोखंडातून नेट बाहेर कसं येणार?"

"मांजर हाय ना बापा घरात," ती पुटपुटली. "जवाईबापू, मोडलं का हो माझ्या हातानं?"

ह्यांनी ओसरीची दारं लावून घेतली, खिडकी लोटली. भर दुपारी घरात अंधार झाला. खिशातून पेनासारखा लाल उजेडाचा दिवा काढला आणि तारेच्या टोकाला लावला. क्षणभर काहीच नाही. मग सोपटाच्या आत, त्या आवळलेल्या मुठीत, हळूहळू लाल दिसायला लागलं. निखारा राखेतून दिसतो तसं. मला वाटलं दार उघडूच नये, असंच बसून राहावं.

"फार वळवली की उजेड वळणावरच सांडतो," हे हलकेच म्हणाले. "मोडेमपर्यंत पोचत नाही."

सोपट सोडलं. एका जागी तार तडकली होती, तेवढी कापून नवं टोक बसवलं. उरलेली तार ताटाएवढ्या मोठ्या वेटोळ्यात सैल टांगली. पेटी परत भिंतीवर गेली. लाल दिवा विझला, हिरवा लागला. जिजीने ह्यांच्या पायाला हात लावायला वाकावं तर हे चार पावलं मागे पळाले.

मग तिने फोन लावला. ललित दिसला, आणि त्याची दहाही बोटं दिसली. घरात आवाज नव्हता, नुसत्या बांगड्या वाजत होत्या. दोघं बोलत राहिले. बागेचं, मांजराचं, त्याच्या छपाईच्या यंत्राचं. मला त्यातलं थोडंच कळतं. पण बोलावणं त्यात नव्हतं, एवढं जिजीच्या चेहऱ्यावरून कळलं. मला राग आला. एवढं सगळं सांगतोस, मग ये म्हणायला काय जातं रे! मी फोन हिसकायला उठले, तर ह्यांनी मनगट धरून मला खाली बसवलं.

रंजिताने पोरीला पुढे आणलं. पोर जिजीच्या हातांकडे कितीतरी वेळ टक लावून बघत राहिली. मग तिने आपला इवलासा हात वर केला. मूठ उघडली, मिटली. परत उघडली, मिटली.

ती खूण मलाही माहीत होती. लहानपणी ललितला बांधावरून बोलवायला जिजी तशीच मूठ करायची. म्हणजे, ये. ललित आता पोरीला तशीच बोलवत असणार.

ललित पोरीकडे बघत राहिला. त्याने मान खाली घातली, डोळे पुसले आणि मग स्वतःचा हात वर केला. तीच मूठ.

जिजी रडली, मीही रडले. ती उठली ती थेट आत गेली. मी म्हटलं, "अगं, बागेचं पाणी?"

"तुमी दोघं हाय ना. इंदूरची गाडी किती वाजता हाय, ते सांग."

फोन ओसरीवर तसाच चालू होता. ललित तिकडून पुन्हा पुन्हा विचारत होता, कधी निघतेस, कोणत्या गाडीने, आणि इकडे जिजी पिशवीत लुगडी कोंबत होती. त्याला उत्तर द्यायला तिचे हात मोकळे नव्हते.