हुक थांबवला ती दुपार

साजगावच्या कारखान्यात मी क्रेन चालवते. वर केबिनमध्ये मी, खाली हातानं इशारे देणारे मामा. सख्खे नव्हेत, आईच्या गावचे म्हणून मामा. शेडमध्ये गोंगाट इतका, की मामांचा हात म्हणेल तसाच हुक हलायचा.

आता आपल्या माणसांना हात न हलवता फोनवर बोलता येतं का? छे! त्या दुपारी मामांची पहिलटकरीण लेक कर्जतच्या दवाखान्यात होती. मामा फोनवर मामींना सांगत होते, "तू बस गं, उभी नको राहू," आणि मोकळा तळवा खाली दाबत होते. हे मला मागाहून कळलं. मी वरून काय समजणार? खाली सोड! सोडला मी सळ्यांचा गठ्ठा. खालच्या माणसानं पाय ओढला म्हणून वाचला. मग मला असा संताप आला, की विचारू नका.

खाली उतरले, मामांच्या कानाला फोन दिसला, नि सरळ सांगितलं, "सगळ्यांचे फोन गेटवर. नायतर हुक हलणार नाय."

साहेब ओरडले, "बाहेर ट्रक उभाय!"

"मग चालवा तुमी क्रेन." नोकरीवर पाणी सोडूनच बोलले मी. साहेबांनी आपलाच फोन आधी गेटवर पाठवला.

मामा मात्र गयावया करू लागले. "पोरी, माझा तेवढा राहू दे. लेकीचा निरोप चुकला तर?"

पण मी हटले नाही. "मामा, निरोप पोचला नाय तर मी पुन्हा क्रेनवर चढणार नाय." वॉचमनला बजावलं, फोन आला की धावत ये, पण गठ्ठा लटकत असेल तर क्रेनखालच्या धोक्याच्या पिवळ्या रेषेबाहेर थांब.

थोड्या वेळानं आलाच तो धावत. गठ्ठा अधांतरी! बिचारा रेषेपाशी नुसता चुळबुळतोय, मामा पाठमोरे, त्यांना पत्ताच नाही. माझा जीव टांगणीला. पण मामांचा एकही इशारा चुकला नाही. गठ्ठा अलगद ट्रकमध्ये बसला, हुक सुटला, आणि मग वॉचमन जो बोंबलला!

"नात झाली!" अख्खी शेड ओरडली, तेव्हा ते मला वर केबिनमध्येसुद्धा ऐकू आलं. जिंकलो की आमी! मी हॉर्न दाबला तो दाबलाच. मामा गेटकडे धावत सुटले. ट्रकवाला दुसऱ्या गठ्ठ्यासाठी कटकट करू लागला, तर साहेबच त्याच्यावर खेकसले, "थांब रं जरा, आजोबांचं बोलून होऊ दे."